जुन्या कॉम्प्युटरात नवीन बोर्ड टाकताय? आधी गरमीचा हिशोब करा

मे महिन्यात दुपारी तीनला आमच्या रत्नागिरीच्या घरात, वरच्या पत्र्याखालच्या खोलीत थर्मामीटर ३६ दाखवतो. हे पहिल्यांदा सांगतो कारण बाकी सगळं यावरच आहे. बाहेरच्या देशातला कोणी व्हिडिओत सांगतो की हा ॲक्सिलरेटर, म्हणजे जुन्या मशीनचा वेग वाढवणारा बोर्ड, टाकला, तासभर चालवला, ५० च्या वर गेला नाही, तेव्हा त्याच्या खोलीत २० असतं. म्हणजे बोर्ड खोलीपेक्षा ३० ने गरम झाला. तोच बोर्ड तसाच्या तसा आपल्याकडे आणला की ३६ अधिक ३०, सरळ ६६. त्यामुळे नवीन माणसाने पहिली सवय ही लावायची, की "किती डिग्री" असं कधीच बोलायचं नाही, "खोलीच्या वर किती" असं बोलायचं. पार्ट किती सहन करतो ते मात्र सरळ डिग्रीतच सांगावं लागतं, पुढे ते आकडे तसेच येतील.

दुसरी गोष्ट मला शिकायला एक अख्खा उन्हाळा लागला. काकांचा जुना झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, माझ्याकडे आहे. त्याला मागून एसडी कार्डचा बोर्ड लावला, मस्त चालला, आणि पंचवीस-तीस मिनिटांनी स्क्रीनवर रंगीत चौकोन येऊन रीसेट. मी चार दिवस कार्डं बदलली, फर्मवेअर (बोर्डातला प्रोग्राम) बदललं, बोर्ड परत पाठवायची तयारी केली. बोर्डाला हात लावला तर कोमट, काही नाही. मग केस उघडली. हीटसिंकच्या, म्हणजे गरमी बाहेर टाकणाऱ्या पट्टीच्या, ॲल्युमिनियमला बोट टेकवत नव्हतं, आणि त्याच्या शेजारी आडवा बसवलेला एक कपॅसिटर (थोडी वीज साठवून धरणारा डबीसारखा पार्ट), त्याची निळी प्लॅस्टिकची साल आकसून मागे सरकलेली, टोकाचं रबर बाहेर फुगलेलं, आणि खाली बोर्डावर चिकट तपकिरी डाग. नवीन बोर्डाला काहीही झालेलं नव्हतं, मार बसला होता तो आत बसलेल्या जुन्या पार्टांना.

म्हणून नवीन बोर्ड किती तापतो एवढंच बघून थांबू नका. तो बिचारा आत्ताचा आहे, त्याच्या चिपा ८०-८५ पर्यंत सहन करतात. त्याच्यामुळे जुन्या मशीनमधलं काय तापतंय ते बघा, कारण तो पार्ट चाळीस वर्षांचा आहे आणि दुसरा मिळायचा नाही.

पहिलं काम: आपला बोर्ड कुठल्या जातीचा ते ओळखा

सगळे बोर्ड तापत नाहीत. साधी स्टॅटिक रॅम जवळपास तापत नाही. फ्लॉपीच्या जागी बसणारा गोटेक, हार्ड डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड, हे तर उलट मशीनला थंड करतात, कारण जुनी डिस्क आणि तिची मोटर जेवढा करंट खायची त्याच्या मानाने हे काहीच खात नाहीत. जुना ३८६ किंवा ४८६ पीसी असेल तर माझा सल्ला, पहिला अपग्रेड हाच करा, गरमी आणि आवाज दोन्ही कमी होतात.

तापणारे म्हणजे ॲक्सिलरेटर, एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं ठरवता येणारी चिप) असलेले बोर्ड, एचडीएमआय काढून देणारे बोर्ड, आणि रास्पबेरी पाय हा छोटासा कॉम्प्युटर वापरणारे. अमिगा ५०० या जुन्या घरगुती कॉम्प्युटरात ६८००० प्रोसेसर ७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, तो काढून त्याच सॉकेटात पायस्टॉर्म नावाचा ॲक्सिलरेटर बसवला की वर रास्पबेरी पाय येतो, म्हणजे एक अख्खा आजचा कॉम्प्युटर त्या बंद प्लॅस्टिकच्या पेटीत, कीबोर्डच्या खाली. रास्पबेरी पाय ३ए प्लस ६० डिग्रीला पोचला की स्वतःच स्पीड थोडा कमी करतो आणि ८० ला गेला की जोरात ब्रेक लावतो, त्यामुळे पाय स्वतःला सांभाळतो हो, पण त्याच्या खालचा मदरबोर्ड कोण सांभाळणार? आणि अमिगासाठी ६८०४० प्रोसेसरचं (६८००० चाच पुढचा, वेगवान) कार्ड घेत असाल तर तो प्रोसेसर मुळातच तापट, हीटसिंकशिवाय त्याला सुरूच करू नका.

बोर्डावर तीन पायांचा छोटा रेग्युलेटर असतो, ५ चे ३.३ व्होल्ट करणारा, तोही बघून ठेवा. अर्धा अँपियर जात असेल तर १.७ गुणिले ०.५, म्हणजे ०.८५ वॉट त्या नखाएवढ्या पार्टातून बाहेर पडतात. बोर्डावर सगळ्यात गरम बहुतेक तोच सापडतो.

दुसरं: वॉटचा हिशोब, वहीत, पेनाने

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण इथेच सगळं कळतं, म्हणून जरा सावकाश वाचा.

महाराष्ट्रात स्पेक्ट्रम काही घरांत सापडतो, कारण पुण्याच्या डेसिबेल्सने १९८८ मध्ये परवाना घेऊन डीबी स्पेक्ट्रम प्लस काढला होता. म्हणून उदाहरण त्याचंच घेतो. स्पेक्ट्रमला बाहेरून ९ व्होल्टचा अडॅप्टर लागतो आणि आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर त्याचे ५ करतो. मधले जे व्होल्ट उरतात ते कुठे जात नाहीत, त्यांची गरमी होते. आणि तो ९ चा अडॅप्टर काही ९ देत नाही, जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अडॅप्टरमधून लोडवर सुद्धा ११ आरामात येतात. समजा मशीन ०.७ अँपियर घेतंय. ११ वजा ५ म्हणजे ६, गुणिले ०.७, झाले ४.२ वॉट. आता तुमच्या नवीन बोर्डाने ०.२ अँपियर जास्त घेतले, ६ गुणिले ०.९, झाले ५.४. आणि आता आपल्या गावचा भाग ऐका, रात्री उशिरा सगळीकडचे पंपबिंप बंद झाले की आमच्याकडे व्होल्टेज २३० चं २५० ला चढतं, अडॅप्टरचे ११ चे १२ होतात, ७ गुणिले ०.९ म्हणजे ६.३ वॉट. बोर्ड लावायच्या आधी होतं त्याच्या दीडपट, आणि हीटसिंक तीच, तेवढीच पट्टी. माझा स्पेक्ट्रम नेहमी रात्रीच का रीसेट व्हायचा ते मला हे गणित मांडल्यावर कळलं.

घरात इन्व्हर्टर असेल तर अजून एक. स्वस्तातले इन्व्हर्टर साधी साईन वेव्ह देत नाहीत, चौकोनी देतात, त्यावर ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर घूं घूं करतो आणि नेहमीपेक्षा जास्त तापतो. लाईट गेली की मशीन बंद करा, इन्व्हर्टरवर खेळत बसू नका.

अमिगा आणि कमोडोर ६४ (हाही त्याच काळातला घरगुती कॉम्प्युटर) यांत ५ व्होल्ट पॉवर सप्लायच्या बाहेरच्या ठोकळ्यातूनच येतात, म्हणजे गरमी त्या ठोकळ्यात. कमोडोर ६४ चा जुना सीलबंद ठोकळा तर सरळ बाजूला ठेवा. तो १.५ अँपियरचा आहे, त्यातला रेग्युलेटर म्हातारपणी गेला की ५ चे व्होल्ट वर चढतात आणि रॅमच्या चिपा घेऊन जातात. नवीन बोर्ड लावायच्या आधी नवीन चांगला पॉवर सप्लाय, हा क्रम उलटा करू नका. अमिगा १२०० च्या ठोकळ्यावर ५ व्होल्टला ३ अँपियर लिहिलेले असतात, त्यात मशीन, ड्राइव्ह, ॲक्सिलरेटर, कार्ड सगळं बसवायचं म्हटलं तर ओढाताण होते.

तिसरं: मोजा. बोर्ड लावायच्या आधी एकदा, नंतर एकदा

बोर्ड लावायच्या आधीचं माप घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर काय बदललं ते कधीच कळणार नाही.

इन्फ्रारेड बंदूक सगळ्यांकडे कोविडपासून पडलेली असते पण कपाळाची ती वेगळी, ती ४२-४३ च्या वर दाखवतच नाही. वर्कशॉपवाली घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे मल्टिमीटरबरोबर येणारी के टाइप थर्मोकपलची, म्हणजे टोकाशी तापमान मोजणारी, वायर. बंदूक चकचकीत धातूवर खोटं सांगते. ॲल्युमिनियमचा हीटसिंक ६५ ला असताना ती ४० दाखवेल, म्हणून जिथे मोजायचं तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा छोटा तुकडा लावा, दोन मिनिटं थांबा, मग जवळून मोजा.

आणि खरं माप केस बंद असतानाचं. उघड्या केसमध्ये मोजून "काही तापत नाही" म्हणणारे खूप भेटतात. थर्मोकपलचं टोक टेपने चिपेवर चिकटवा, वायर केसच्या जाळीतून बाहेर काढा, केस बंद करा, स्क्रू लावा, आणि सुरू केल्यापासून ०, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांनी आकडा लिहा. बाजूला खोलीचा आकडा. साधारण पाऊण तासाला आकडा चढायचा थांबतो, तोच आपला.

कुठे कुठे मोजायचं? रेग्युलेटर किंवा त्याचा हीटसिंक, नवीन बोर्डाची सगळ्यात मोठी चिप, त्याच्या अगदी खाली किंवा शेजारी असलेली जुनी चिप, आणि सगळ्यात जवळचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. शेवटचा विसरू नका. कपॅसिटरचा ढोबळ नियम असा आहे की दर १० डिग्रीला आयुष्य निम्मं. ८५ डिग्रीला २,००० तासांचा कपॅसिटर ६५ ला ८,००० तास जातो, ५५ ला १६,०००. म्हणजे नुसते १० डिग्री कमी केले तर तुम्ही त्याचं आयुष्य डबल केलं, आणि त्यासाठी सोल्डरिंग सुद्धा लागलं नाही.

माझी स्वतःची रेघ अशी: जुनी चिप पाठीवर ६० डिग्रीच्या आत, कपॅसिटर ५५ च्या आत, तेही मे महिन्यात. थंडीत मोजत असाल तर खोलीचा फरक मिळवून घ्या.

मोजताना ५ व्होल्टची लाईन पण बघा, मशीनच्या आत, नवीन बोर्डाजवळ. ४.७५ च्या खाली जात असेल तर रीसेटचं कारण गरमी नसून व्होल्टेज आहे. ओळखायचं कसं, तर थंड मशीन सुरू करताच किंवा कार्ड वाचतानाच अडकत असेल तर व्होल्टेज, आणि वीस-तीस मिनिटं नीट चालून मग अडकत असेल आणि टेबलफॅन मारल्यावर तेच चाळीस मिनिटांवर जात असेल तर गरमी. आपल्याकडे खाऱ्या हवेने एज कनेक्टर (बोर्डाच्या कडेचे कॉन्टॅक्ट) आणि सॉकेटचे पाय काळे पडतात, त्या काळ्या थरातच व्होल्ट पडतात आणि तिथल्या तिथे गरमही होतं. त्यामुळे बोर्ड घुसवायच्या आधी कॉन्टॅक्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं हे कोकणात ऐच्छिक नाही. कापसाच्या बोळ्यावर हिरवट काळं काय निघतं ते बघाच एकदा.

चौथं: थंड करण्याआधी, गरमीच कमी करा

लोक इथे उडी मारून पंख्यावर जातात. थांबा.

स्पेक्ट्रममध्ये ७८०५ काढून त्याच जागी बसणारा तीन पायांचा स्विचिंग मॉड्यूल मिळतो, रेकॉम किंवा ट्राको कंपनीचा, तो ९० टक्क्यांच्या आसपास वीज कामाला लावतो, उरलेलीच गरमीत जाते. म्हणजे वरच्या हिशोबात जिथे ५.४ वॉट गरमी होत होती तिथे अर्धा वॉट. हीटसिंकची गरजच संपली. १ अँपियरवाला घेताना आपला एकूण करंट मोजा, ०.९ असेल तर तो काठावर आहे, मोठा घ्या. अडॅप्टर मात्र ९ चाच ठेवा, कारण स्पेक्ट्रम जुन्या रॅमसाठीचे १२ व्होल्ट त्या ९ मधूनच बनवतो, आणि नवीन अडॅप्टर घेताना लक्षात ठेवा की स्पेक्ट्रमची मधली पिन निगेटिव्ह असते, बाजारातल्या बहुतेकांच्या उलट. हे चुकलं तर पुढचं काही वाचायची गरज राहणार नाही.

त्याच मशीनमधल्या आठ ४११६ रॅम चिपा सुद्धा तापतात, त्यांच्या जागी फक्त ५ व्होल्टवर चालणारे आजचे मॉड्यूल येतात. अमिगात ॲक्सिलरेटर नको असेल आणि फक्त थंडावा हवा असेल तर ६८००० च्या जागी ६८एचसी००० बसवा. काम तेच करतो, पॉवर साधारण दहावा भाग. पार्ट मुंबईला लॅमिंग्टन रोडला नाहीतर पुण्याला तपकीर गल्लीत विचारा, तिकडून कोणी गावी येत असेल त्याच्याबरोबर मागवा. पण जुन्या चिपा घेताना सॉकेटात लावून बघितल्याशिवाय सोल्डर करू नका, वरचं नाव पुसून नवीन छापलेल्या चिपा खूप फिरतात.

आणि अमिगा ५०० च्या खालच्या रॅम कार्डावर जुनी बॅटरी असेल तर आजच कापून काढा. गरमीने ती लवकर फुटते आणि तिचं पाणी बोर्डावरचे तांब्याचे मार्ग खातं.

पाचवं: हीटसिंक

चिपेवरची धूळ आणि तेलकटपणा अल्कोहोलने पुसा, सुकू द्या, मग थर्मल टेप, मग हीटसिंक, वरून अर्धा मिनिट दाबून धरा. जुन्या दुर्मिळ चिपेवर कायमचा चिकटणारा थर्मल ग्लू वापरू नका, उद्या चिप काढायची झाली तर सॉकेटासकट येईल. टेपवाला काढताना वर ओढायचा नाही, हळूहळू पिळायचा.

बोर्ड उलटा लटकत असेल तर टेपवर विश्वास ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात टेप मऊ पडते आणि हीटसिंक सुटून खालच्या पिनांवर पडतो. तिथे क्लिप किंवा बारीक झिप टाय लावा. हीटसिंकची कड शेजारच्या पायांना टेकत नाही ना, ते टॉर्च लावून बघा.

कमोडोर ६४ मध्ये आत पुठ्ठ्यावर चांदी लावल्यासारखी शिल्ड असेल तर काढून ठेवा, ती गरमी कोंडते. पण काही मशीनमध्ये पत्र्याची शिल्ड असते आणि तिच्या जिभा चिपांना टेकलेल्या असतात, तीच त्या चिपांचा हीटसिंक आहे. ती काढली तर बदल्यात हीटसिंक लावावेच लागतील.

सहावं: हवा, आणि आपली खारी हवा

पंखा लावला की बाहेरची हवा आत येते, आणि आपल्याकडे बाहेरची हवा म्हणजे मीठ, ओल आणि जांभ्याची लाल धूळ. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर दिवसभर फिरणारा पंखा म्हणजे मदरबोर्डावर रोज थोडं मीठ शिंपडणं. म्हणून मी पंखा शेवटी ठेवतो.

आधी फुकटातले उपाय. मशीन दोन लाकडी पट्ट्यांवर उचला, बोटभर, म्हणजे खालच्या जाळीतून हवा शिरेल. गादीवर, टेबलक्लॉथवर ठेवू नका. आईने प्रेमाने विणलेला क्रोशाचा रुमाल मशीन बंद आणि पूर्ण थंड असतानाच वर घालायचा. टेबल पत्र्याखालून काढून जांभ्याच्या भिंतीच्या खोलीत नेलं तर आमच्याकडे दुपारी चार-पाच डिग्रीचा फरक पडतो, हे मी मोजलेलं आहे, आणि चार डिग्रीसाठी लोक हजार रुपयांचे हीटसिंक घेतात.

तरीही आकडा रेघेच्या वर असेल तर ४० मिलिमीटरचा ५ व्होल्टवाला पंखा, मागच्या जाळीपाशी, हवा बाहेर ओढणारा. गरम हवा वर जातेच, तिला फक्त वाट द्यायची. हवा आत येते तिथे पातळ स्पंजचा तुकडा, महिन्यातून एकदा धुवायचा. आणि पंख्याच्या वायरमध्ये केएसडी ९७०० थर्मल स्विच टाका, ४५ डिग्रीचा, नॉर्मली ओपन (थंड असताना तुटलेला, तापला की जोडणारा), तो गरम पार्टाजवळ चिकटवा. मग गरज असेल तेव्हाच पंखा फिरतो. वायर पिळून टेप मारू नका, सोल्डर करा आणि श्रिंक ट्यूब घाला, पिळलेली वायर आपल्याकडे दोन पावसाळ्यांत हिरवी होते.

सातवं: पावसाळा

जून ते सप्टेंबर गरमीचं दुखणं मागे पडतं आणि ओलीचं पुढे येतं. मशीन माळ्यावर टाकून देऊ नका. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, स्वतःच्याच गरमीने आतली ओल जाते. एसीच्या खोलीतून बाहेर आणलं तर तासभर तसंच राहू द्या, थंड बोर्डावर दव धरतं आणि तेव्हा बटण दाबलं तर वाट लागते. ठेवायचं असेल तर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसकट, आणि जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परत सुकवून घ्या.

मग येतात गणपती. मुंबईची भाचरं आली की मशीन सकाळी सुरू होतं ते जेवणापर्यंत बंद होत नाही, खोलीत दहा माणसं, दारं बंद, कोणीतरी नक्की त्यावर चहाचा कप ठेवतं. ही खरी टेस्ट, टेबलावरचा एक तास हिच्यापुढे काही नाही. थर्मोकपल आत चिकटवून वायर बाहेर सोडून ठेवा, वही शेजारी ठेवा, आणि पोरांनाच सांगा दर अर्ध्या तासाला आकडा लिहायला. गेल्या वर्षी आमच्या स्पेक्ट्रमचा शेवटचा आकडा, भाचीच्या अक्षरात, चार तासांनंतर: खोली ३१, रेग्युलेटर ४३.